तेलपंपाला फिरवतो कोण?



ट्रॅक्टर घ्यायचे ठरले की घरात आठ-आठ दिवस त्याचीच चर्चा चालते. किती अश्वशक्तीचा घ्यावा, तासाला डिझेल किती लागेल, मागे किती वजन उचलेल, टायर कोणते, हप्ता किती बसेल. हे सारे विचारलेच पाहिजे. पण एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो म्हणजे, या इंजिनाच्या तेलपंपाला फिरवतो कोण?

प्रश्न ऐकून हसू येईल. तेलपंप म्हणजे चेंबरमधले इंजिन ऑइल उचलून बेअरिंगांपर्यंत पोहोचवणारा, मुठीत मावेल एवढा पंप. तो बाहेरून दिसत नाही, त्याचा आवाज येत नाही, आणि बहुतेक मालकांना तो कोठे बसवलेला आहे हेही ठाऊक नसते. परंतु तो फिरायचा थांबला तर लाखो रुपयांचे इंजिन मिनिटाच्या आत जाम होऊ शकते. आणि पंप स्वतः शाबूत असूनही त्याला फिरवणारा दाता, दांडी किंवा चावी तुटली, तर परिणाम तोच. म्हणून आज या पंपाला मिळणाऱ्या चालनेविषयी थोडे सविस्तर बोलू.

यासाठी मी तुम्हाला आपल्या शिवारातून थोडे लांब, युरोपातल्या मोटारींच्या शर्यतीच्या मैदानावर नेणार आहे. कारण सोपे आहे. शंकरपटात बैलांबरोबर जू, शिवळा आणि कासरा यांचीही पारख होते. रोजच्या नांगरटीला वर्षानुवर्षे टिकलेली वस्तू तेथे क्षणात दगा देते. इंजिनाच्या बाबतीत असेच झाले. शंभर वर्षांपूर्वी शर्यतीच्या इंजिनांत हवा दाबून भरण्याची युक्ती आली, शक्ती एकाएकी वाढली, आणि आजवर कोणाच्या ध्यानात न येणारे लहानसहान भाग डोळ्यांपुढे आले. तेलपंपाची चालना हा त्यांतलाच एक भाग होय.

तेल नेमके काय करते

इंजिनातला क्रँकशाफ्ट बेअरिंगवर टेकून फिरतो असे आपल्याला वाटते. वस्तुतः इंजिन चालू असताना तो बेअरिंगला टेकलेलाच नसतो. दोहोंच्या मध्ये केसापेक्षाही पातळ असा तेलाचा थर असतो आणि शाफ्ट त्या थरावर तरंगत असतो. धातूला धातू लागत नाही, म्हणून झीज होत नाही. शिवाय हे तेल तेथली उष्णता वाहून नेते आणि बारीक कीस धुऊन काढते.

तेल सतत येत राहिले तरच हा थर टिकतो, कारण बेअरिंगच्या दोन्ही कडांनी ते सारखे बाहेर पडत असते. वाफ्यात पाणी राहावे म्हणून पाट चालू ठेवावा लागतो, तसेच हे आहे. पाट बंद झाला की वाफा पाहता पाहता कोरडा पडतो. इंजिनात तो किती वेळात कोरडा पडेल याचा हिशेब करा. मिनिटाला २,१०० फेरे घेणारा क्रँकशाफ्ट सेकंदाला ३५ वेळा फिरतो. दहा सेकंदांत साडेतीनशे फेरे झाले. एवढे फेरे सुके काढायचे म्हणजे काय, हे बैलगाडीचा कोरडा आस ज्याने ऐकला आहे त्याला सांगायला नको.

त्या काळच्या बेअरिंगांना आतून पांढऱ्या मिश्रधातूचे अस्तर असे. त्यात मुख्य धातू कथील. हेच कथील कल्हईवाला तांब्या-पितळेच्या भांड्यांना लावतो. ते २३२ अंश सेल्सियसला वितळते. तेल संपून घर्षण सुरू झाले की ही उष्णता येण्यास वेळ लागत नाही. अस्तर वितळून वाहू लागते, कनेक्टिंग रॉड सैल पडून ठोकू लागतो आणि पुष्कळदा इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो. आजची बेअरिंगे अधिक चिवट आहेत, पण कोरडे चालणे त्यांनाही सोसत नाही.

लोहाराचा भाता मोटारीला

आता ती हवा दाबण्याची युक्ती पाहू. भट्टीला भाता लावला की कोळसा जोरात पेटतो, कारण जास्त हवा मिळाली की जास्त इंधन जळते. इंजिनाचेही तसेच आहे. पिस्टन खाली जाताना आपल्या बळाने जेवढी हवा ओढेल तेवढ्यावर न थांबता एखाद्या यंत्राने ती कोंबून भरली, तर त्याच आकाराच्या इंजिनातून जास्त शक्ती मिळते. अशा यंत्राला सुपरचार्जर म्हणतात.

त्याचा एक प्रसिद्ध प्रकार अमेरिकेतल्या रूट्स बंधूंच्या नावाने ओळखला जातो. १८६० च्या सुमारास त्यांनी हा पंखा बनवला, आणि पुढे तो भट्ट्यांना हवा देण्यासाठी व खाणींत हवा खेळवण्यासाठी वापरात आला. भात्याचा तो थोरला भाऊच म्हणा ना. मोटारीवर तो पुढे कित्येक वर्षांनी बसला. १९२३ साली इटलीतील मोंझा येथे फियाट कंपनीच्या गाडीने सुपरचार्जर लावून ग्रांप्री शर्यत जिंकली. अशा इंजिनाचा ग्रांप्रीतला तो पहिला विजय होता. १९२५ साली आल्फा रोमिओच्या पी-२ या गाडीने जागतिक विजेतेपद मिळवले, तीही सुपरचार्जरवालीच. त्यानंतर शर्यतीत टिकायचे तर हवा दाबूनच भरली पाहिजे असा प्रघात पडला.

इंग्लंडमधल्या बेंटले कंपनीची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. त्यांचे साडेचार लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन साध्या गाडीत सुमारे ११० अश्वशक्ती देत असे. सर हेन्री बर्किन या शर्यतवीराने १९२९ साली त्याला सुपरचार्जर लावलेली गाडी मैदानात आणली. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटले यांना हे पसंत नव्हते. शक्ती हवी असेल तर इंजिनच मोठे करा, लहान इंजिनाला कोंबून खायला घालू नका, असा त्यांचा आग्रह होता. तरीही गाड्या तयार झाल्या. रस्त्यावरच्या गाडीत तेच इंजिन १७५ अश्वशक्ती देऊ लागले आणि शर्यतीच्या गाडीत २४० पर्यंत गेले.

शक्ती दुपटीच्या वर गेली. आता विचार करा, हा वाढलेला जोर कोणी सोसायचा? प्रत्येक स्फोटाचा दणका पिस्टनवरून कनेक्टिंग रॉडवर, तेथून बेअरिंगवर आणि शेवटी त्या केसाएवढ्या तेलाच्या थरावर येतो. म्हणूनच सुपरचार्जर तयार करणारे ॲमहर्स्ट व्हिलियर्स यांनी पुढे नुसता पंखा जोडून दिला नाही. क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, पिस्टन आणि तेलाची व्यवस्था यांतही त्यांना बदल करावे लागले. एका बैलाचा खुराक वाढवला की जू, दोरखंड आणि गाडीचा आस, सारेच तपासावे लागते, त्यातला हा प्रकार.

पंप सोपा, चालना अवघड

तेलपंप स्वतः फार साधा असतो. एका घट्ट घरात दोन दातेरी चाके एकमेकांत गुंतून फिरतात. दात्यांमधल्या खाचांत तेल भरते, ते घराच्या भिंतीलगत पलीकडे जाते आणि तेथून नळीत ढकलले जाते. दर फेऱ्याला ठराविक तेल पुढे जाणार, हा त्याचा धर्म. बिघडण्यासारखे त्यात थोडेच असते. खरा प्रश्न त्याला फिरवण्याचा.

पहिली गोष्ट म्हणजे, त्याला साधा पट्टा का लावीत नाहीत? पिठाच्या गिरणीचा किंवा मळणी यंत्राचा पट्टा भार आला की घसरतो, हे आपण रोज पाहतो. रेडिएटरच्या पंख्याचा पट्टा घसरला तर पाणी हळूहळू तापते, काटा वर चढतो, आपल्याला काही मिनिटे मिळतात. तेलाच्या बाबतीत ती सवलत नाही. म्हणून ज्याला घसरणे माहीतच नाही अशी चालना, म्हणजे दात्याला दाता, ही तेलपंपासाठी योग्य ठरली. क्रँकशाफ्ट एक फेरा फिरला की पंपाने आपला ठरलेला वाटा फिरलाच पाहिजे.

ही चालना देण्याच्या जुन्या इंजिनांत मुख्यतः दोन रीती होत्या.

पहिली तिरकस दात्यांची. क्रँकशाफ्ट किंवा कॅमशाफ्ट आडवा असतो आणि पंप खाली चेंबरमध्ये. तेव्हा आडव्या शाफ्टवर एक तिरकस दात्यांचे चाक, त्यात गुंतणारे दुसरे चाक उभ्या दांडीवर, आणि दांडीच्या खालच्या टोकाला पंप. मांडणी आटोपशीर आणि स्वस्त. पण त्यात एक उणीव आहे. दोन काठ्या एकमेकींवर आडव्या ठेवल्या तर त्या एकाच ठिपक्यावर टेकतात. या दात्यांचेही तसेच होते. सारा भार त्या ठिपक्यावर येतो आणि दाते एकमेकांवर घासत सरकतात. पुष्कळ ठिकाणी यांतले एक चाक पोलादाचे आणि दुसरे काशाचे करीत, म्हणजे घर्षण कमी व्हावे. तरी काशाचे चाक झिजणारच.

येथेच सुपरचार्जरवाल्या इंजिनाची गोम आहे. भार वाढला म्हणून तेल जास्त हवे. तेल जास्त हवे म्हणून पंप मोठा केला. पण पंप मोठा झाला की त्याला फिरवायला जोरही जास्त लागतो, आणि तो जोर त्याच जुन्या ठिपक्यावर येतो. थंडीच्या सकाळी तेल काकवीसारखे घट्ट असते, तेव्हा हा भार सर्वांत जास्त. म्हणून पंप बदलताना दातेही बदलावे लागतात. मोटर मोठी बसवायची आणि वायर जुनीच ठेवायची, असे केले तर वायर जळते, हे आपल्या विहिरीवर अनेकांनी अनुभवले आहे.

दुसरी रीत सरळ दात्यांच्या चाकांची माळ. क्रँकशाफ्टवर एक चाक, त्याला लागून दुसरे, त्याला तिसरे. येथे दाता आपल्या पूर्ण रुंदीने टेकतो, त्यामुळे भार विभागला जातो. ही माळ जड आणि महाग, आवाजही करते, पण भरवशाची.

मात्र माळेत पंपाची जागा कोणती, हेही महत्त्वाचे आहे. सुपरचार्जर काही फुकट फिरत नाही. हवा दाबायला इंजिनाच्याच शक्तीचा मोठा वाटा लागतो, आणि चालकाने एकदम वेग वाढवला किंवा कमी केला की त्या जड पंख्याचे हिसके माळेतल्या प्रत्येक दात्याला बसतात. तेलपंप जर या पंख्याच्या पलीकडे, शेवटच्या चाकावर टांगला, तर पंख्याचे दुखणे तेलाला भोवते. दाता तुटला पंख्याचा आणि जीव गेला इंजिनाचा. तेव्हा शहाणपण यातच, की ज्याच्यावाचून क्षणभरही चालत नाही त्याला मूळ शाफ्टच्या अगदी जवळ बसवावे, आणि ज्याच्यावाचून गाडी निदान थांबवण्यापुरती तरी चालेल त्याला पुढे. बेंटलेच्या त्या गाडीत पंखा रेडिएटरच्याही पुढे बसवून क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरून फिरवला होता, तो चित्रातसुद्धा चटकन नजरेत भरतो.

आणखी एक अडचण लांब शाफ्टची. ओले धोतर पिळताना जसा पीळ पडतो, तसा आठ सिलिंडरचा लांब क्रँकशाफ्ट प्रत्येक स्फोटाबरोबर किंचित पिळला जातो आणि सुटतो. ही थरथर पुढच्या मोकळ्या टोकाला सर्वांत जास्त. तेथे दातेरी चाके बसवली तर ती सतत एकमेकांवर आपटत राहतात. इटलीच्या आल्फा रोमिओ कंपनीचे अभियंते व्हितोरिओ यानो यांनी आपल्या आठ सिलिंडरच्या इंजिनात यावर सुंदर तोड काढली. त्यांनी चार-चार सिलिंडरचे दोन गट केले आणि चालनेची चाके टोकाला न बसवता दोन गटांच्या मध्ये, शाफ्टच्या मध्यावर बसवली. तेथूनच वरच्या कॅमशाफ्टना आणि बाजूच्या सुपरचार्जरला गती मिळे. मध्यावर थरथर कमी, म्हणून दात्यांचे आयुष्य जास्त.

याचा निकाल मैदानावर दिसला. फ्रान्समध्ये ल माँ येथे चोवीस तास सलग चालणारी शर्यत होते. १९३० साली तेथे उतरलेल्या सुपरचार्जरच्या दोन्ही बेंटले शर्यत पुरी करू शकल्या नाहीत. जिंकली ती त्याच कंपनीची, बिनपंख्याची, मोठ्या इंजिनाची सहा सिलिंडरची गाडी. त्या अपयशाचे खापर एकट्या तेलावर फोडणे बरोबर होणार नाही. वाढवलेली शक्ती अनेक भागांची परीक्षा घेते. पण पुढच्याच वर्षी, १९३१ साली, तेच बर्किन अर्ल हाऊ यांच्या जोडीने आल्फा रोमिओच्या आठ सिलिंडरच्या, सुपरचार्जरवाल्या गाडीत बसले आणि ल माँची शर्यत जिंकले. त्या जातीच्या गाड्यांनी १९३१ ते १९३४ अशी चार वर्षे ती शर्यत हातची जाऊ दिली नाही. म्हणजे दोष हवा दाबण्यात नव्हता. वाढवलेला भार सोसण्याची तजवीज मुळापासून केली की नाही, यावर सारे अवलंबून होते.

फूटव्हॉल्व्ह उघडा पडला तर

चालना उत्तम असूनही पंप फसू शकतो. विहिरीचे पाणी खाली जाऊन फूटव्हॉल्व्ह उघडा पडला की मोटर जोरात फिरते, पण पाण्याऐवजी हवा ओढते. शर्यतीची गाडी वेगाने वळण घेते तेव्हा चेंबरमधले तेल एका बाजूला धावते आणि पंपाचे तोंड असेच उघडे पडते.

यावर उपाय म्हणून शर्यतीच्या अनेक इंजिनांत चेंबर कोरडेच ठेवू लागले. तेलाची टाकी बाहेर निराळी, आणि बहुधा एकाच दांडीवर दोन पंप. एक चेंबरमध्ये पडणारे तेल उचलून टाकीत नेतो, दुसरा टाकीतले तेल बेअरिंगांना देतो. यांतला उचलणारा पंप देणाऱ्यापेक्षा मोठा ठेवतात, कारण खाली पडणारे तेल ताकासारखे फेसाळलेले असते, त्यात हवा मिसळलेली असते. पंप दोन झाले म्हणजे चालनेवरचा भारही वाढला, हे ओघाने आलेच.

या इंजिनांत तेल कोणते घालीत, हे सांगितले तर तुम्हाला गंमत वाटेल. पुष्कळदा ते एरंडेलापासून केलेले असे. आपल्याकडे बैलगाडीच्या वंगणाला वापरीत ते एरंडेलच! कॅस्ट्रॉल हे १९०९ साली बाजारात आलेले नावही एरंडाच्या इंग्रजी नावावरूनच पडले. एरंडेल तापल्यावरही धातूला धरून राहते, हा त्याचा मोठा गुण. पण ते काही काळाने चिकट होऊन राळेसारखे साचते, म्हणून वेळच्या वेळी काढून टाकावे लागे. आजच्या ट्रॅक्टरमध्ये मात्र ते चुकूनही घालू नका. पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच इंजिन ऑइल वापरा.

सर्वांत नाजूक कडी

पंपाची दांडी आणि पंप यांची जोडणी पुष्कळदा एका खाचेत बसणाऱ्या पातळ जिभेने, एखाद्या चावीने किंवा पिनेने केलेली असते. चेंबरमधला एखादा धातूचा तुकडा पंपाच्या दात्यांत अडकला तर पंप जाम होतो आणि ही नाजूक कडी कापली जाते. आता गंमत पाहा. इंधनाचा पंप बंद पडला तर इंजिन आपोआप थांबते. तेलाचा पंप बंद पडला तर इंजिन थांबत नाही, ते पूर्वीसारखेच जोरात चालत राहते. आवाजातही आरंभी फरक पडत नाही. सांगणारा एकच असतो, तो म्हणजे दाबाचा काटा किंवा लाल दिवा.

१९२० च्या दशकाच्या आरंभी ग्रांप्रीच्या गाड्यांत चालकाशेजारी एक मेकॅनिक बसत असे. त्याच्या कामांत काट्यांवर डोळा ठेवणे हे एक मुख्य काम असे. चालकाची नजर रस्त्यावर, याची तेलाच्या दाबावर. एवढे महत्त्व त्या लहानशा काट्याला होते.

आपल्या शेतावर काय करावे

आता घरी परतू. आजच्या बहुतेक ट्रॅक्टरांत तेलपंप क्रँकशाफ्टच्या दातेरी चाकावरूनच फिरतो, म्हणजे मैदानावरचा धडा कारखान्यांनी केव्हाच उचलला आहे. शिवाय अनेक नव्या ट्रॅक्टरांत सुपरचार्जरचा धाकटा भाऊ बसला आहे. त्याला टर्बोचार्जर म्हणतात. तो दात्यांवर नाही, तर सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो, आणि त्याचे फेरे मिनिटाला लाखाच्या घरात जातात. त्याच्या बेअरिंगलाही त्याच तेलपंपाचे तेल मिळते. म्हणून पुढील गोष्टी घरातल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवाव्यात.

१. रोज सकाळी ट्रॅक्टर सपाट जागी उभा असताना, इंजिन सुरू करण्यापूर्वी डिपस्टिक पाहावी. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

२. चावी फिरवली की तेलाचा लाल दिवा लागला पाहिजे. लागलाच नाही तर दिवा किंवा वायर गेली आहे असे समजून आधी ती दुरुस्त करावी. मुका राखणदार असून नसून सारखाच. इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत दिवा विझला पाहिजे. विझला नाही तर इंजिन बंद करावे.

३. सुरू केल्याबरोबर ॲक्सिलरेटर दाबू नये. घट्ट तेलाला शेवटच्या बेअरिंगपर्यंत पोहोचायला अवधी लागतो. टर्बोचे इंजिन बंद करतानाही दोन-तीन मिनिटे मंद चालू द्यावे. एकदम बंद केले की तेल थांबते आणि तापलेला टर्बो मात्र काही वेळ कोरडाच फिरत राहतो.

४. काम चालू असताना दिवा लागला तर तेथेच, त्याच क्षणी इंजिन बंद करावे. "एवढे तास संपवून बांधावर नेतो" हा विचार मनात आणू नये. एका तासाला दोन मिनिटे लागतात असे धरले, तरी तेवढ्यात क्रँकशाफ्टचे सुमारे चार हजार दोनशे फेरे होतात. मग तेलाची पातळी, गळती, वायर हे क्रमाने पाहावे. तेल पुरेसे असूनही दिवा राहिला तर मिस्त्रीकडून खरा दाबमापक लावून दाब मोजून घ्यावा. दाब कमी येण्याचे कारण दरवेळी पंपच असतो असे नाही. बेअरिंगे झिजून फट वाढली तरी दाब पडतो. फुटक्या पाटात पाणी टिकत नाही, त्यातलाच हा प्रकार.

५. तेल आणि फिल्टर ठरलेल्या तासांनी बदलावेत. काढलेले तेल पांढऱ्या थाळीत ओतून उन्हात पाहावे. चकाकणारा कीस दिसला तर तो कोठला, हे मिस्त्रीला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

६. इंजिन खोलून बांधायचे असेल तेव्हा चेंबरमधली जाळी स्वतः उभे राहून साफ करून घ्यावी. पॅकिंगला लावलेल्या चिकट मसाल्याचे तुकडे तेथे अडकून तेल अडवतात. पंपाच्या चालनेचे दाते, चावी आणि जोडणी पाहण्यास सांगावे. झिजलेली चावी पुन्हा बसवू देऊ नये. बसवण्यापूर्वी पंपात आणि फिल्टरमध्ये तेल भरावे, आणि डिझेल बंद ठेवून दाब दिसेपर्यंत इंजिन नुसते फिरवून घ्यावे. कोरडा पंप हा हवा धरलेल्या विहिरीच्या पंपासारखा असतो. तो लगेच तेल धरीत नाही.

७. पावसाळाभर बंद असलेले विहिरीवरचे जुने डिझेल इंजिन एकदम सुरू करू नये. तेलाची पातळी पाहून, दाब सोडण्याचा खटका वर ठेवून हँडलने काही फेरे सावकाश फिरवावे. काही लहान इंजिनांत पंप नसतोच. कनेक्टिंग रॉडच्या खालचा चमचा चेंबरमधले तेल उडवतो. तेथे तर पातळी बोटभर उतरली तरी चमचा तेलाला लागत नाही. अशा इंजिनात पातळी हाच पंप समजावा.

शेवटी एक गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. ट्रॅक्टर बहुधा मुलगा किंवा पगारी चालक चालवतो, पंपावर कधी घरची सून असते. वाफसा निघून चालला आहे, आभाळ भरून आले आहे आणि पेरणी अर्ध्यावर आहे, अशा वेळी दिवा लागला म्हणून कोणी मध्येच इंजिन बंद केले, तर आपल्या तोंडून चटकन शब्द जातो, "आत्ताच थांबायला काय झालं?" हा शब्द आवरला पाहिजे. तपासल्यावर वायरच सैल निघाली, तर नुकसान दहा मिनिटांचे. पण एकदा बोलणी खाल्लेला चालक दुसऱ्या वेळी दिवा पाहूनही तास संपवील, आणि मग नुकसान हंगामाचे. इंजिन बांधण्याचा खर्च, भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहण्यात गेलेले दिवस आणि त्यातही न चुकणारा बँकेचा हप्ता, हे सारे एका वाक्यापायी अंगावर येते.

ज्याने वेळीच इंजिन थांबवले त्याला शाबासकी द्या. दात्यांनी पंप फिरवायचा, पंपाने तेल द्यायचे, दिव्याने इशारा करायचा, इथपर्यंतचे काम यंत्राचे. त्या इशाऱ्यावर हात चावीकडे जाणे हे मात्र माणसाचे काम, आणि तो हात न कचरता जावा अशी मोकळीक घरानेच द्यायची असते. आज संध्याकाळी जेवणे आटोपली की घरातल्या सर्वांना ट्रॅक्टरजवळ बोलवा, चावी फिरवा आणि तो लाल दिवा कोणता, हे बोट ठेवून दाखवा.